हार्नेस काखेपर्यंत वर येतो, बरगड्या दुखतात: नवीन कुठला घेऊ?

पत्र: नमस्कार ताई, मी ठाण्याची, वय ४१, आयटीत आहे, दोन मुलं. डिसेंबरमध्ये रामेश्वरमला काइटसर्फिंगचा (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या ओढीने पाण्यावर बोर्ड चालवायचा) कोर्स केला. बोर्डवर उभी राहते, दोन्ही बाजूंना थोडं थोडं जाता येतं, पण निघाले तिथे परत यायला जमत नाही, किनाऱ्यावरून चालत यावं लागतं. खरा त्रास हार्नेसचा झाला. स्कूलचा कंबरेचा हार्नेस (काइटची ओढ अंगावर घेणारा रुंद पट्टा) होता, अर्ध्या तासात वर सरकत काखेपाशी यायचा, बरगड्यांवर काळेनिळे डाग पडले, रात्री कूस बदलता येईना. कंबरदुखी आधीपासूनच आहे, बसून काम. आता मार्चमध्ये गोव्यात मोरजीला जायचंय आणि स्वतःचा हार्नेस घ्यायचा विचार आहे. कार्बनच्या पाठीचे बघितले, किंमत बघून लॅपटॉप बंद केला. ओळखीचा एक इन्स्ट्रक्टर त्याचा वापरलेला देतोय, ब्रँड चांगला आहे, साइज एल. घेऊ का? कंबरेचा घ्यावा की सीटचा? आणि मनातली भीती सांगते, पाण्यात तुटला तर?

उत्तर:

ताई, आधी त्या बरगड्यांचं बोलू. डाग आठ-पंधरा दिवसांत फिके होतात, पण अजूनही खोल श्वास घेताना, खोकताना, शिंकताना एका ठरावीक जागी कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या, मार्चपर्यंत थांबू नका. आणि कंबरदुखीत पायात मुंग्या येणं किंवा कळ पायात उतरणं असलं काही असेल तर आधी फिजिओला विचारा, हार्नेस नंतर. हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये, दुखऱ्या बरगडीवर कितीही भारीतला हार्नेस घातला तरी तो दुखणारच आणि मग तुम्ही हार्नेसला नावं ठेवणार.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. एल साइजचा तो जुना हार्नेस घेऊ नका. कार्बनचाही आत्ता नको. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की सध्या तुम्हाला सीट हार्नेस हवाय, म्हणजे मांड्यांतून पट्टे असतात तो, अगदी साधा, पण साइज नीट बघून. का ते सांगते, कारण हे कारण कळलं की पुढची सगळी खरेदी तुमची तुम्हाला जमेल.

तो वर का चढतो बघा. काइटची सगळी ओढ दोऱ्यांमधून चिकन लूपला (दोऱ्यांच्या टोकाच्या कडीला) येते आणि तिथून हार्नेसच्या पुढच्या हुकला. हात फक्त बार (काइट चालवायचा हातातला दांडा) आत-बाहेर करतात आणि फिरवतात, वजन हार्नेस घेतो. आता शिकताना काय होतं, आपण काइट डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी धरून ठेवतो, कारण तिथे तो शांत असतो आणि आपल्याला सुरक्षित वाटतं. पण तिथून ओढ सरळ वरच असते ना! कंबरेच्या हार्नेसला खाली धरून ठेवणारं काहीच नाही, तो सरकत सरकत बरगड्यांवर जातो आणि तिथे अडकतो. जे लोक सराईत झालेत त्यांचा काइट खाली असतो, दहा-साडेदहा किंवा दीड-दोनच्या आसपास, आणि ते बोर्डची कड पाण्यात रुतवून मागे चांगले रेललेले असतात. अंग मागे कललं की दोऱ्यांची ओढ पोटातून समोर जाते, वर जात नाही, म्हणून त्यांचा तोच हार्नेस जागचा हलत नाही. म्हणजे तुम्हाला परत यायला जमत नाहीये आणि हार्नेस वर चढतोय, या दोन वेगळ्या तक्रारी नाहीयेत, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. कड लावून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायला जमायला लागलं की अर्धा त्रास आपोआप जाईल, आणि तोपर्यंत मांड्यांचे पट्टे हार्नेसला खाली धरून ठेवतील.

मोरजीला हे आणखी जाणवेल. तिथला वारा म्हणजे दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा, रामेश्वरमइतका जोराचा आणि सलग नसतो, त्यामुळे मोठे काइट लागतात आणि काइट सतत वर-खाली हलवत राहावं लागतं. प्रत्येक वेळी तो डोक्यावरून गेला की हार्नेसला वर हिसका. कंबरेचा असेल तर दर दहा मिनिटांनी थांबून खाली ओढत बसाल.

सीट हार्नेसमध्ये हुक बेंबीच्या खाली येतो, ओढ नितंबांवर आणि मांड्यांवर वाटली जाते, आणि कमरेचा जो बाक आहे तो मागून दाबला जात नाही. कंबर दुखणाऱ्या बऱ्याच जणांना म्हणूनच तो सोसतो. तोटे आहेतच, लपवत नाही. कमरेत वळायला थोडं जड जातं, पट्टे नीट बसले नाहीत तर मांडीच्या आतल्या बाजूला कातडी सोलली जाते (आत गुडघ्यापर्यंतची लायक्रा टाइट घाला, घातलीच पाहिजे), आणि हुक खाली असल्यामुळे बारची पोच बदलते, पहिल्या दिवशी अंदाज चुकल्यासारखा वाटेल, इन्स्ट्रक्टरला सांगून ट्रिम करून (बारच्या दोऱ्या जुळवून) घ्या. बीचवर फार कमी लोकांच्या अंगावर तो दिसेल, ते मनावर घेऊ नका. तुमच्या बरगड्या तुमच्या आहेत.

पण खरेदीच्या आधी एक करा. मोरजीच्या ज्या स्कूलकडे जाणार आहात त्यांना आत्ताच फोन करून विचारा की सीट हार्नेस आहे का आणि तुमच्या साइजचा आहे का. असेल तर पहिले दोन दिवस तोच वापरा आणि मग ठरवा. एवढा साधा फोन लोक करत नाहीत, तिथे जाऊन दोरीवर जो वाळत असेल तो घालतात आणि मग खेळच सोडून देतात. हे मी खूप बघितलंय, विशेषतः बायकांच्या बाबतीत, कारण बहुतेक स्कूलमध्ये पडून असलेले हार्नेस पुरुषांच्या मापाचे असतात, मोठे, आणि मग "तुम्हाला जमत नाही" असं ऐकावं लागतं. जमत नाही असं नसतं, हार्नेस मोठा असतो. तुमच्या बाबतीतही मला हीच शंका आहे.

तर साइज. ब्रँड, रंग, कार्बन, फोम हे सगळं साइजच्या नंतर. जीन्सचा नंबर विसरा, तो काही कामाचा नाही. शिवणकामाची टेप घ्या, जे कपडे घालून पाण्यात उतरणार तेच घाला, आणि बेंबीच्या रेषेत गोल माप घ्या, पोट आत न ओढता. सीटसाठी कुल्ल्यांचं सगळ्यात रुंद माप आणि मांडीचं मापही घ्या. मग त्या त्या ब्रँडचा चार्ट उघडा, कारण एकाचा एम म्हणजे दुसऱ्याचा एस असं सर्रास असतं. दोन साइजच्या मध्ये येत असाल तर लहान घ्या. हार्नेस ओला झाला की सैल पडतो, आणि थोडे दिवस वापरून फोम बसला की आणखी थोडा.

मोठा आहे हे ओळखायचं कसं? पूर्ण आवळा आणि पुढे बघा. दोन्ही बाजूंच्या कडा स्प्रेडर बारच्या (हुक बसवलेल्या पुढच्या धातूच्या पट्टीच्या) मागे एकमेकींना टेकायला आल्या असतील तर आवळायला जागाच उरली नाही, म्हणजे तो तुमच्यासाठी मोठा आहे, विषय संपला. मध्ये चांगलं अंतर राहिलं पाहिजे. उलट हा स्प्रेडर बार खूपच आखूड असेल तर पट्टे दोन्ही बाजूंनी आत खेचले जातात आणि बरगड्या चिमटल्यासारख्या होतात. बार बऱ्याच ब्रँडमध्ये वेगळा मिळतो, वेगवेगळ्या रुंदीचा, म्हणजे कधी कधी हार्नेस न बदलता नुसता बार बदलूनही काम होतं.

मग लटकून बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि घरबसल्या होतं. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये झोपाळ्याची कडी असेल तर उत्तम, भिंतीतला पक्का पुलअप बार असेल तरी चालेल, दारात नुसता अडकवायचा तो नको. मजबूत दोरीचा फास करून हुकमध्ये अडकवा, हळूहळू पूर्ण वजन सोडा आणि मागे रेला. घरातलं कोणीतरी शेजारी उभं पाहिजे, एकटीने करू नका, आणि खाली गादी टाका. पाच नाही, चांगली दहा-पंधरा मिनिटं लटका, मोबाइल बघत बसलात तरी चालेल. पहिली दोन मिनिटं सगळेच हार्नेस छान वाटतात. मग एकेक गोष्ट कळायला लागते: खालच्या बरगडीला कड लागतेय का, पाठीत मधोमध पोकळी राहून फक्त वरची आणि खालची कड टोचतेय का, हुकची प्लेट उचलून पोटात घुसतेय का, एखादी शिवण कातडीवर येतेय का. उतरल्यावर अंगावरचे वळ बघा. सगळीकडे सारखा हलका लालसरपणा असेल तर ठीक, एकाच जागी खोल रेघ उमटली असेल तर पाण्यात तिथेच जखम होणार.

आणखी एक माप, हे कंबरेचा हार्नेस घेणाऱ्या सगळ्यांसाठी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये किती जागा आहे ते बोटांनी बघा. काही जणांचं धड लांब असतं, काहींचं एकदम आखूड. तिथे चार बोटंही मावत नसतील तर उंच पाठीचा हार्नेस टोचणारच, मग तो कितीही महाग असो, तुम्ही कमी उंचीचा बघा. पुढे कधीतरी तुम्ही कंबरेच्या हार्नेसवर जाल तेव्हा हे लक्षात ठेवा, आणि बायकांच्या कटचा घ्या, त्यात कमरेला आत आणि कुल्ल्यांवर बाहेर असा आकार दिलेला असतो.

आता कार्बन. कडक पाठीच्या हार्नेसची कल्पना खरंच चांगली आहे. मऊ हार्नेस ओढ आली की अंगाभोवती गुंडाळला जातो आणि बाजूंनी आवळतो, कडक पाठ वाकत नाही त्यामुळे ओढ पूर्ण पाठीवर पसरते. राइड एंजिन, मिस्टिक, आयन वगैरे सगळ्यांचे असे मॉडेल आहेत, आणि ज्यांना तो अंगाला बसला ते परत मऊ घेत नाहीत. पण अट तीच, बसला तर. मऊ हार्नेस तुमच्या पाठीचा आकार थोडाफार घेतो, कडक घेत नाही. तुमच्या कमरेचा बाक त्याच्या साच्याशी जुळला नाही तर मधे हवा आणि कडांवर सगळा भार. कंबरदुखी असताना असला हार्नेस न घालता ऑनलाइन मागवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चष्मा लावणं. आणि तुमच्या आजच्या टप्प्यावर, काइट वर असताना, कार्बनचाही चढेलच, कारण ओढीची दिशा तीच आहे. तो पैसा आत्ता चांगल्या इन्स्ट्रक्टरच्या आणखी काही तासांवर घाला, कड लावायला शिका.

इन्स्ट्रक्टरचा जुना हार्नेस साइजवरच बाद झाला, पण पुढे तुमच्या मापाचा कोणी दिला तर कसा तपासायचा ते सांगते, कारण आपल्याकडे याची दुकानं फारशी नाहीत आणि बरेच जण स्कूलमधून किंवा एकमेकांकडूनच घेतात. ब्रँडचं नाव बघू नका, पट्टा बघा. पट्टा स्प्रेडर बारच्या बकलमधून जिथे वळतो ना, तो दोन-तीन इंचांचा तुकडा पूर्ण बाहेर ओढून काढा. झीज तिथेच होते, कारण वाळू बकलमध्ये अडकते आणि ओढ आली की पट्ट्याला घासत राहते. कडेला केसाळ झाला असेल, बोट फिरवल्यावर धागे हाताला येत असतील, किंवा उन्हाने रंग उडून पट्टा पुठ्ठ्यासारखा कडक झाला असेल तर नको म्हणा. मग आतली बाजू उलटी करून पट्टा जिथे हार्नेसच्या अंगाला शिवलाय ती शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. फोम अंगठ्याने दाबा, खड्डा तसाच राहिला तर फोम मेला. हुक जिथे प्लेटला जोडलाय तिथे तडा आहे का, गंजाचा तपकिरी ओघळ आहे का, आणि हुकच्या आतल्या बाजूला लूप घासून घळ पडलीय का. स्टेनलेस स्टील असलं तरी समुद्राच्या पाण्यात डाग पडतात, नुसता डाग चालतो, खड्डे पडलेले चालत नाहीत. बकलमध्ये मीठ धरून ते अर्धवट बंद होत असेल तर घेऊच नका, पाण्यात तेच उघडतं.

पक्क्या हुकऐवजी दोरीवर सरकणारा स्लायडर असलेले स्प्रेडर बारही दिसतील तुम्हाला. ते लाटांवर किंवा फॉइलवर (पाण्याखाली पंख असलेल्या बोर्डवर) खेळणाऱ्यांना बरे, अंग मोकळं फिरतं. पण ती दोरी झिजते आणि ठरावीक काळाने बदलावीच लागते. तुम्ही साधा पक्का हुक घ्या.

आणि हो, टिकाऊ म्हणजे न तुटणारा असं नसतं, सुटा भाग मिळणारा तो टिकाऊ. बकल, पट्टा, बार वेगळे मिळतात का हे घेतानाच विचारा. पट्टा-बकलची पद्धत ब्रँडगणिक वेगळी असते, एकाचा बार दुसऱ्याला लागेलच असं नाही. दुबईहून किंवा जर्मनीहून कोणी आणून देणार असेल तर त्यांनाच एक जादा पट्टा आणि बकल आणायला सांगा, नंतर एका बकलसाठी कुरिअर आणि कस्टम भरत बसणं नको.

आता तुमची भीती, पाण्यात तुटला तर. अख्खा हार्नेस असा एकदम फाटत नाही. होतं ते असं: बकल निसटतं किंवा झिजलेला पट्टा जातो, स्प्रेडर बार एका बाजूला लटकतो, तोल जातो. अशा वेळी काय करायचं ते कोर्समध्ये तुम्ही शिकलायच, चिकन लूपचं क्विक रिलीज ढकलायचं, काइटची ताकद जाते आणि तो लीशवर (काइटला हार्नेसशी जोडून ठेवणाऱ्या सुरक्षेच्या दोरीवर) पडतो. गरज पडली तर लीशचंही रिलीज. म्हणून हार्नेस घेताना लीशची कडी कुठे आहे ते आवर्जून बघा. ती पुढच्या बाजूला हवी, दोन्ही हात पोचले पाहिजेत, अगदी डावा हात अडकला असेल तर उजवा पोचला पाहिजे. पाठीमागे लीश लावून फिरणारे लोक दिसतील, ते हवेत बार सोडण्याच्या करामती करतात, आपल्याला त्यांचं बघून काही करायचं नाही. लीश जुनी घेऊ नका, हार्नेस जुना चालेल एक वेळ. काइट चालवायच्या बारच्या रिलीजसाठी आता आयएसओ २१८५३ नावाचं मानक आहे, २०२० साली आलं, नवा बार घेताना ते पाळलंय का विचारा. पण मानक असो नसो, दर वेळी पाण्यात उतरण्याआधी रिलीज एकदा ढकलून, परत जोडून बघायचं. वाळूचा एक खडा पुरतो ते अडकायला. सवय अशी पाहिजे की न बघता हात तिथे गेला पाहिजे, आणि नवा हार्नेस आला की हुकची जागा बदलते, म्हणजे हाताची सवयही नव्याने करावी लागते, हे कोणी सांगत नाही. ते घरी लटकताना करून घ्या, डोळे मिटून लीशचं रिलीज शोधा, दहा-वीस वेळा.

बऱ्याच हार्नेसला दोऱ्या कापायचा छोटा चाकू ठेवायला खिसा असतो, त्यात चाकू खरंच ठेवा. आकड्यासारखा वळलेला असतो तो, पात्याची धार आतल्या बाजूला, त्यामुळे तुम्हाला लागत नाही. दर सीझनला उघडून बघा, गंजून म्यानात चिकटलेला असतो बहुतेकांचा.

कपड्यांचं थोडक्यात. हार्नेसखाली गाठ, नाडी, चेन, बटण काहीही नको, नाडीची गाठ हुकच्या प्लेटखाली आली की एका तासात जखम. मंगळसूत्र, साखळी, अंगठ्या रूमवर काढून या. इम्पॅक्ट व्हेस्ट (पडताना मार कमी लागावा म्हणून घालायचं फोमचं जाकीट) घालत असाल तर काइटसाठीचंच घ्या, कमरेच्या वर संपणारं, बोटीवर देतात ते लांब लाइफ जॅकेट हार्नेसशी भांडतं आणि दोन्ही वर चढतात. मात्र इम्पॅक्ट व्हेस्ट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, त्यावर तरंगायच्या भरवशावर राहू नका. आणि घालायचा क्रम: सीट हार्नेसचे मांड्यांचे पट्टे आधी सैल ठेवून कंबर आवळा, मग थोडं खाली बसून मांड्यांचे आवळा, मग पाण्यात जाऊन पाच मिनिटांनी परत एकदा सगळं आवळा. ती शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात हार्नेस चढतो.

घरी आणल्यावर, म्हणजे रोज संध्याकाळी रूमवरच, गोड्या पाण्याने धुवा, बकल उघडून, पट्टे पूर्ण सैल करून, आणि सावलीत वाळत घाला. बाल्कनीतल्या कडक उन्हात नाही, उन्हाने पट्टा आणि फोम दोन्हीचं वाटोळं होतं. ओला हार्नेस बॅगेत कोंबून रात्रीच्या बसने ठाण्याला आणायचा नाही, वास तर येतोच, पण मीठ आणि वाळू बकलमध्ये बसते ती मग निघत नाही.

तर आत्ता फोन करा मोरजीला, बेंबीचं, कुल्ल्यांचं, मांडीचं माप लिहून ठेवा आणि इन्स्ट्रक्टरला एल नको म्हणून सांगा, त्याला वाईट वाटणार नाही, उलट त्यालाच विचारा की रामेश्वरमला कोणाकडे तुमच्या मापाचा सीट हार्नेस वापरून पडलाय का, या लोकांना एकमेकांचं सगळं सामान माहीत असतं. मार्चमध्ये दोन दिवस वापरून झाले की मला कळवा, बरगड्या आणि कंबर दोन्हीचं लिहा. आणि मांड्यांना घासत असेल तर लगेच लिहा, त्यावर पट्ट्याला निओप्रीनची बाही चढवायचा उपाय आहे, फोटो पाठवते.